विश्लेषण : साखर ‘नॉर्मल’, तरीही धोका? इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे काय? ओळखायचा कसा, आटोक्यात कसा ठेवायचा?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांतील सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि जेनेरिक आवृत्त्यांचा मार्ग मोकळा झाला. त्याआधीच्या वर्षभरात मौंजारो (मार्च २०२५) आणि वेगोव्ही (जून २०२५) ही महागडी इंजेक्शने भारतीय बाजारात आली होती. या औषधांबरोबर एक शब्द घरोघरी पोहोचला, तो म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स. पॅथॉलॉजी लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये आता फास्टिंग इन्सुलिनची चाचणी असते. दंडावर चिकटवायचे साखरमापक पॅच मधुमेह नसलेल्यांनाही विकले जातात. ‘इन्सुलिन कमी करा, पोट आपोआप जाईल’ असे सांगणारे रील तर रोज समोर येतात. यातले खरे किती, फुगवलेले किती आणि भारतीयांना या विषयाची काळजी जरा जास्त का करावी लागते?

इन्सुलिन प्रतिरोध म्हणजे नेमके काय?

जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. पोटाच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातून इन्सुलिन हे संप्रेरक स्रवते आणि स्नायू, यकृत व चरबीच्या पेशींना साखर आत घेण्याचा निरोप देते. दारावरची बेल वाजली की घरातल्यांनी दार उघडावे, तसा हा व्यवहार असतो. इन्सुलिन प्रतिरोधात बेल नीट वाजते, पण घरातल्यांना ती कमी ऐकू येते. मग स्वादुपिंड दोनदा, तीनदा बेल वाजवते, म्हणजेच अधिक इन्सुलिन सोडते. दार उघडते आणि साखर आत जाते.

तीन ठिकाणी हा बिघाड वेगवेगळा दिसतो. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा एरवी स्नायू उचलतात, ते कमी उचलू लागतात. रात्री आपण झोपलेले असताना यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडत असते आणि इन्सुलिनचा निरोप आला की थांबते. प्रतिरोध असेल तर ते थांबत नाही, म्हणून रात्री काही न खाताही सकाळची साखर वाढलेली दिसते. ‘रात्री तर एक भाकरीच खाल्ली होती’ हे दवाखान्यात नेहमी ऐकू येणारे कोडे बरेचदा इथे सुटते. तिसरे म्हणजे चरबीच्या पेशी. त्या साठवलेली चरबी धरून ठेवत नाहीत, ती रक्तावाटे यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते आणि तिथला प्रतिरोध आणखी वाढवते.

ही कल्पना नवी नाही. सगळेच मधुमेही इन्सुलिनला सारखा प्रतिसाद देत नाहीत, हे ब्रिटिश डॉक्टर हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. १९८८ मध्ये अमेरिकेतील जेरल्ड रीव्हन यांनी वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी आणि साखर या तिघांच्या मुळाशी इन्सुलिन प्रतिरोध असल्याची मांडणी केली आणि तिला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. आजचा ‘मेटाबोलिक सिंड्रोम’ त्यातूनच आला.

रिपोर्ट नॉर्मल असताना हे कळत का नाही?

कारण नेहमीच्या तपासणीत साखर मोजली जाते. ती आटोक्यात ठेवायला स्वादुपिंडाला किती राबावे लागले, हे मोजले जात नाही. दोन व्यक्तींची उपाशीपोटीची साखर ९० असू शकते. एकीच्या शरीराने त्यासाठी ६ युनिट इन्सुलिन वापरले, दुसरीच्या शरीराने १८. कागदावर दोघी सारख्याच निरोगी. दुसरीचे स्वादुपिंड मात्र तिप्पट काम करते आहे.

ही कसरत अनेक वर्षे चालू शकते. स्वादुपिंडातील बीटा पेशी दमू लागल्या की आधी जेवणानंतरची आणि सकाळची साखर थोडी थोडी वर सरकते. उपाशीपोटी १०० ते १२५, जेवणासारख्या ग्लुकोज चाचणीनंतर दोन तासांनी १४० ते १९९ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. त्यापुढे मधुमेह. म्हणजे मधुमेहाचे निदान ही या गोष्टीची सुरुवात नसते, बऱ्याच पुढच्या प्रकरणातली ती घटना असते. ज्याच्या बीटा पेशी दमत नाहीत, त्याला प्रतिरोध असूनही आयुष्यभर मधुमेह होत नाही, असेही घडते. पण यकृतातील चरबी, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका त्यालाही चुकत नाही.

‘बारीक आहे, मला कसली भीती?’ याचे उत्तर पुण्यात कसे मिळाले?

या विषयातील जगभर उद्धृत होणारे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात झाले आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती महिलांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, गर्भारपणाआधी सरासरी वजन जेमतेम ४२ किलो असलेल्या या महिला. त्यांच्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी करण्यात आली. पुण्याची बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. इथवर अपेक्षेप्रमाणेच होते. पण त्वचेखालची चरबी मोजली तेव्हा चित्र बदलले. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबी राखून असलेले हे ‘थिन-फॅट’ बाळ २००३ मध्ये वैद्यकीय साहित्यात नोंदवले गेले.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आले. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे दोघेही कागदोपत्री सडपातळ. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने हे चित्र आज जगभर शिकवले जाते. वजनकाटा भारतीयांना किती फसवतो, हे सांगायला याहून सोपे साधन सापडणे कठीण.

त्याच गावांतील मुले सहा वर्षांची झाल्यावर आणखी एक धागा हाती लागला. गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक आढळला. या अभ्यासातील ६० टक्क्यांच्या आसपास मातांमध्ये बी-१२ कमी होते. दूध, अंडी, मांस-मासे यांतूनच मिळणारे हे जीवनसत्त्व शाकाहारी आणि गरीब, दोन्ही घरांत कमी पडते. इन्सुलिन प्रतिरोध हा ‘खाऊन-पिऊन सुस्तावलेल्यांचा’ आजार, या समजाला या निष्कर्षांनी चांगलाच धक्का दिला. आईच्या पोटात उपासमार आणि मोठेपणी शहरात बैठे काम, हा प्रवास करणाऱ्या पिढीला तो दोन्हीकडून गाठतो.

याच कारणाने भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या गेल्या आहेत. २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे स्थूलता. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला की धोका मानला जातो. लक्षात ठेवायला त्याहून सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. पाच फूट पाच इंचांच्या माणसासाठी ही मर्यादा साधारण साडेबत्तीस इंच. ती मोजायची बेंबीच्या पातळीला, पँट बांधतो तिथे नव्हे. पँटचा नंबर वर्षानुवर्षे तोच ठेवून पोट तिच्यावरून पुढे येऊ देण्याची सोय पुरुषांना असते, त्यामुळे हा भेद महत्त्वाचा.

एक पुरवणी इथे जोडायला हवी. प्रत्येक बारीक मधुमेहीचे दुखणे इन्सुलिन प्रतिरोधच असते असे नाही. पुण्यातील तरुण मधुमेहींच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्यांचा गट सर्वांत मोठा होता. म्हणजे बेल ऐकू न येण्यापेक्षा ती वाजवणाराच अशक्त. अशा रुग्णाला ‘तुझे इन्सुलिन वाढले आहे, खाणे तोड’ असा सल्ला कुणी समाजमाध्यमावरून दिला, तर त्याचे नुकसानच होईल.

देशात प्रमाण किती?

इन्सुलिन प्रतिरोधाची देशव्यापी मोजणी होत नाही, पण त्याच्या परिणामांची होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. पोटाची स्थूलता ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळली. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे गोव्यात दर चार प्रौढांत एकाहून अधिक.

शरीर काही खुणा दाखवते का?

दाखवते, पण त्यांचा अर्थ वेगळाच लावला जातो. मानेच्या मागे, काखेत किंवा कोपराच्या वळणावर मखमलीसारखा जाडसर काळपट पट्टा येतो. घरात तो मळ समजून घासला जातो, शाळकरी मुलांना ‘अंघोळ नीट करत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात. प्रत्यक्षात वाढलेल्या इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी जास्त वाढतात आणि तो पट्टा तयार होतो. साबणाने तो जाणार नाही आणि गोरेपणाच्या क्रीमनेही नाही. मानेवर येणारे छोटे चामखिळासारखे लोंबते कण हीदेखील तशीच खूण असू शकते.

मुलींमध्ये पाळी अनियमित होणे, हनुवटीवर केस, न जाणारी मुरुमे अशी पीसीओएसची लक्षणे दिसतात. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरक अधिक बनवायला लावते, म्हणून या विकारात इन्सुलिन प्रतिरोधाचा मोठा हात असतो. ‘लग्न झालं की होईल ठीक’ या सल्ल्यात अनेकींची औषधोपचाराची वर्षे वाया जातात. गर्भारपणात साखर वाढलेल्या स्त्रियांनी तर बाळंतपणानंतर रिपोर्ट नॉर्मल आला तरी फाइल बंद करू नये, कारण पुढे मधुमेह होण्याचा त्यांचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.

सोनोग्राफीच्या अहवालातील ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ ही ओळही अशीच दुर्लक्षिली जाते. ‘आजकाल सगळ्यांनाच असतं’ हे खरे आहे, पण त्यामुळे ते निरुपद्रवी ठरत नाही. दारू न घेणाऱ्याच्या यकृतात चरबी साठण्याचे मुख्य कारण इन्सुलिन प्रतिरोध हेच असते.

फास्टिंग इन्सुलिनची चाचणी करावी का?

इन्सुलिन प्रतिरोध अचूक मोजण्याची ‘क्लॅम्प’ नावाची पद्धत १९७९ पासून आहे. पण तिच्यात शिरेतून काही तास एकाच वेळी इन्सुलिन आणि ग्लुकोज द्यावे लागते, त्यामुळे ती संशोधनापुरतीच. तिला पर्याय म्हणून १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘होमा’ हे सूत्र दिले. उपाशीपोटीची साखर गुणिले उपाशीपोटीचे इन्सुलिन, भागिले ४०५. वरच्या उदाहरणातील पहिल्या व्यक्तीचा आकडा येतो १.३, दुसरीचा ४.

आकडा सोपा असला तरी तो वापरणे तितके सोपे नाही. इन्सुलिन मोजण्याच्या यंत्रांमध्ये एकवाक्यता नाही, त्यामुळे दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. एकाच व्यक्तीचा आकडाही रोज बदलतो. सर्वमान्य अशी धोक्याची रेषा ठरलेली नाही. म्हणूनच सरसकट सर्वांनी ही चाचणी करावी, असे मधुमेहतज्ज्ञांच्या प्रमुख संघटना सांगत नाहीत. पीसीओएस किंवा एखाद्या गुंतागुंतीच्या रुग्णात डॉक्टर ती सांगतात तेव्हा तिचा उपयोग होतो. स्वतःहून करून घेतलेल्या चाचणीत इन्सुलिन १४ आले म्हणून रात्रभर इंटरनेट धुंडाळणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही.

त्याऐवजी जवळजवळ फुकटात मिळणारी माहिती अधिक बोलकी असते. कंबरेचा घेर, रक्तदाब, एचबीएवनसी, आणि लिपिड प्रोफाइलमधील दोन ओळी. ट्रायग्लिसराइड १५० च्या वर आणि ‘चांगले’ एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० च्या, स्त्रियांत ५० च्या खाली असेल तर संशय बळावतो. बहुतेकांची नजर एकूण कोलेस्टेरॉलवर असते आणि तेच ‘नॉर्मल’ पाहून कागद घडी घालून ठेवला जातो.

मधुमेह नसलेल्यांनी साखरमापक पॅच लावावा का, हाही प्रश्न विचारला जातो. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर वर जाते आणि खाली येते. प्रत्येक चढ पाहून घाबरणाऱ्याच्या हाती काही हजार रुपयांचा खर्च आणि जेवणाची भीती याखेरीज फारसे लागत नाही.

भाकरी की भात, आणि दोन वेळा की सहा वेळा?

महाराष्ट्रात हा वाद घराघरांत झाला आहे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, कडक भूक लागेल तेव्हा आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. जोडीला ४५ मिनिटे चालणे. प्रत्येक वेळी तोंडात घास गेला की इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असा त्यामागचा युक्तिवाद. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडे थोडे खा, असे सांगणारे आहारतज्ज्ञ. व्हॉट्सॲप ग्रुपांवर या दोन पक्षांचे कार्यकर्ते अजूनही भेटतात.

विज्ञान इथे थोडे नीरस उत्तर देते. इन्सुलिन किती स्रवणार, हे किती वेळा खाल्ले याबरोबरच काय आणि किती खाल्ले यावर ठरते. मूठभर शेंगदाणे आणि चार बिस्किटे यांना शरीर सारखा प्रतिसाद देत नाही. खाण्याचे तास मर्यादित ठेवल्याने वेगळा फायदा होतो का, हे चीनमध्ये स्थूल व्यक्तींवर वर्षभर तपासले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एका गटाने ठरावीक आठ तासांतच, तर दुसऱ्याने दिवसभरात केव्हाही, पण सारखेच कमी उष्मांक खाल्ले. वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. मग दोनदा जेवून अनेकांना फायदा का झाला? चहाबरोबरची बिस्किटे, चारचे फरसाण, रात्री टीव्हीसमोरचा चिवडा हे सगळे बंद झाले म्हणून. ज्याला दोन जेवणांची शिस्त सोपी जाते त्याने ती पाळायला हरकत नाही. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण गाळले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

अधिक महत्त्वाची गोष्ट ताटात आहे. ‘इंडियाब’च्या आहारविषयक विश्लेषणानुसार, जे २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले, भारतीयांना ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. त्यातला मोठा भाग पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांचा. या अभ्यासातील सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष म्हणजे, एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून भाताऐवजी गहू किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतून मिळणारी पाच टक्के ऊर्जा डाळी-कडधान्ये किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांकडे वळवली, तर मात्र तो कमी दिसला.

मराठी स्वयंपाकघरात याचा अर्थ असा, की भात सोडून तीन भाकऱ्या खाल्ल्याने फारसे काही साधत नाही. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, पातळ वरणाऐवजी घट्ट वरण, ताक, कोशिंबीर, आणि चालत असेल तर अंडे किंवा मासा, असे ताट झाले तर साधते. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करून भात शेवटी घेतला तर साखरेची उसळी कमी राहते, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. पोह्यांत शेंगदाणे आणि मटार जास्त घालणे, इडलीपेक्षा सांबार वाढवणे या त्याच वळणाच्या गोष्टी. एकादशीची साबुदाणा खिचडी मात्र उपवासाच्या नावाखाली जवळजवळ शुद्ध स्टार्च असते. तिच्याऐवजी राजगिरा, दाणे आणि दही चालू शकते.

चहाचा हिशेब सहसा कुणी करत नाही. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो सहा चमच्यांच्या आत राहायला सांगते, आणि त्यात बिस्किट, जॅम, सरबत सगळे धरून. गूळ घातला म्हणून हा हिशेब बदलत नाही.

चालणे पुरते का?

स्नायूंची एक खासियत इथे कामी येते. ते आकुंचन पावताना इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. बेल बिघडलेली असली तरी हे मागचे दार उघडे असते. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली खरोखर उपयोगी, आणि व्यायामाचा परिणाम पुढचा दिवसभर तरी टिकतो. दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नका, हा सल्ला त्यामुळेच.

नुसते चालणे मात्र ‘थिन-फॅट’ शरीराला पुरत नाही. त्याची मूळ अडचण स्नायू कमी असण्याची. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, जिने चढणे असे स्नायूंवर भार देणारे व्यायाम हवेत. साठीतल्या आजींनीही खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस करणे हा व्यायामच आहे. गुडघे, हृदय किंवा डोळ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, एवढेच.

झोप हा दुर्लक्षित भाग. निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले तर त्यांची साखर हाताळण्याची क्षमता ढासळते, हे शिकागोतील संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवले. रात्रपाळी करणारे, पहाटेची लोकल पकडणारे आणि मध्यरात्रीपर्यंत रील पाहणारे, सगळेच या कक्षेत येतात.

बदल केल्याने खरेच फरक पडतो?

अमेरिकेतील २००२ च्या गाजलेल्या चाचणीत सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. पण आपल्याला अधिक जवळची चाचणी चेन्नईची. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात साखर हाताळण्याची क्षमता मंदावलेल्या भारतीयांवर तीन वर्षे लक्ष ठेवले. काहीच विशेष न केलेल्या गटात तब्बल ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम बदललेल्या गटात तो ३९ टक्क्यांना झाला, मेटफॉर्मिन घेणाऱ्या गटात साधारण तितक्यांनाच. दोन्ही एकत्र करून जादा फायदा झाला नाही. आणि आहार-व्यायामाच्या गटाचे वजन फारसे घटलेही नव्हते. काटा हलला नाही म्हणून निराश होऊन चालणे सोडणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे.

औषधे कोणती आणि कुणाला?

मेटफॉर्मिन हे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध. ते मुख्यतः यकृतावर काम करते. मधुमेहात, पीसीओएसमध्ये आणि मधुमेहपूर्व अवस्थेतील काही रुग्णांत डॉक्टर ते देतात. अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ घटू शकते. आधीच शाकाहारी असलेल्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी. पेशींची इन्सुलिनविषयीची संवेदनशीलता थेट वाढवणारे औषध म्हणजे पायोग्लिटाझोन. भारतात त्यावर जून २०१३ मध्ये बंदी आली आणि काही आठवड्यांतच ती इशाऱ्यासह उठली. हृदय अशक्त असलेल्यांना ते चालत नाही.

स्वस्त झालेली इंजेक्शने हे उत्तर आहे का?

काहींसाठी नक्कीच. सेमाग्लुटाइड भूक कमी करते, पोट रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि साखर वाढलेली असताना इन्सुलिन स्रवण्यास मदत करते. इन्सुलिन प्रतिरोधावरचा त्याचा परिणाम मुख्यतः वजन घटल्यामुळे होतो. स्थूल व्यक्तींवरील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. म्हणजे हा कोर्स नाही, रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळ चालणारे औषध आहे. महिन्याचा खर्च परवडतो का, यापेक्षा पाच वर्षांचा परवडेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुसरा मुद्दा खास आपला. वजन घटते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ज्यांच्याकडे स्नायू आधीच तुटपुंजे आहेत, त्यांनी प्रथिने आणि व्यायामाविना इंजेक्शन घेतले तर काटा खूश होईल, शरीर होईलच असे नाही. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे नेहमीचे दुष्परिणाम. पित्ताशयात खडे आणि स्वादुपिंडाला सूज हे क्वचित, पण गंभीर. गर्भधारणेचा विचार असल्यास किमान दोन महिने आधी ते थांबवावे लागते. वजन ६२ किलो आणि लग्न दोन महिन्यांवर, या कारणासाठी हे औषध नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, हे सांगायला लागते कारण तसे ते घेतले जाते.

पेटंट संपल्यावर किमती कोसळण्याचा अनुभव भारताला आहे. डापाग्लिफ्लोझिन २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ मध्ये असेच आवाक्यात आले. त्यामुळे सामान्य मधुमेहींचा फायदा झाला यात शंका नाही. पण या गोळ्या आणि इंजेक्शने निदान झालेल्यांच्या हाती पडतात. १३.६ कोटी मधुमेहपूर्व भारतीयांपैकी अनेकांना आपण त्या यादीत आहोत हेच माहीत नसते.

मग सुरुवात कुठून करायची?

सरकारी यंत्रणेत याची एक जागा आधीपासून आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे आणि त्यासाठी आशाताई घरोघरी ‘सी-बॅक’ नावाचा तक्ता भरतात. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातील आजार आणि कंबरेचा घेर. पुरुषाची कंबर ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, त्याहून वाढत गेली तर एक किंवा दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने बोलवायचे. या तक्त्याला ना लॅब लागते ना रक्ताचा थेंब, आणि थिन-फॅट भारतीयाची जी अडचण वजनकाट्याला दिसत नाही ती टेपला दिसते. व्यवहारात मात्र घरातील कर्ता पुरुष आशाताई येतात तेव्हा कामावर असतो, बाईला परक्यासमोर कंबर मोजून घ्यायला संकोच वाटतो, आणि आकडा अंदाजाने भरला जातो. पुढच्या वेळी तक्ता घेऊन कुणी दारात आले, तर तो एक रकाना टेप लावूनच भरायला सांगता येईल.